पौर्णिमेच्या आधीचा शनिवार

१८२९ सालच्या एप्रिल महिन्यात टेनेसीच्या गव्हर्नरने तडकाफडकी राजीनामा दिला. लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. नवी नवरी माहेरी निघून गेली होती, आणि नेमकं काय बिनसलं ते दोघांपैकी कुणीही जगाला सांगितलं नाही. सॅम ह्यूस्टनने नॅशव्हिल सोडलं आणि तो पश्चिमेला, चेरोकी लोकांच्या मुलखात जाऊन राहिला. साडेतीन वर्षांनी, १८३२च्या डिसेंबरात, तो टेक्ससमध्ये दाखल झाला. पुढे सॅन जसिंटोची लढाई जिंकली, पुढे टेक्सस प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला.

त्याच्यामागे चरित्रकार लागले म्हणून मधली ती वर्षं आज बरीचशी उजेडात आहेत. पण त्याच काळात, त्याच दिशेने गेलेल्या साध्या माणसांचं काय? केंटकीतून मिसुरीला, मिसुरीतून ऑरेगनला, अलाबामातून टेक्ससला गेलेले शेतकरी, लोहार, वकील, बुडीत दुकानदार. दक्षिणेतल्या ओसाड घरांच्या दारांवर ‘जी. टी. टी.’ अशी अक्षरं खरडलेली सापडत. मालक टेक्ससला गेला, एवढाच त्याचा अर्थ. सावकाराला तेवढंच उत्तर मिळायचं. आज त्या माणसाची खापरपणतवंडं चौकशी करतात तेव्हा त्यांच्याही हाती बहुधा तेवढंच लागतं.

सरकारी कागद इथे फारसे कामाला येत नाहीत. अमेरिकेत जनगणना १७९० पासून होते, पण १८४० पर्यंतच्या याद्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बायको, मुलं, आश्रित म्हणजे रकान्यांतले आकडे. घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव पहिल्यांदा उतरलं ते १८५० मध्ये. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ साली वॉशिंग्टनला लागलेल्या आगीपायी गेले. मृत्यूची राज्यभर रीतसर नोंद टेक्ससमध्ये १९०३ पासून, मिसुरीत १९१० पासून, केंटकीत १९११ पासून. जिल्ह्याची कचेरी लाकडाची. ती जळाली की जमिनीचे, लग्नाचे, वारसाचे सगळे दस्त एका रात्रीत नाहीसे. पाद्री घोड्यावरून फिरते, त्यांच्या नोंदी फिरत्या. टेक्सस तर १८३६ पर्यंत मेक्सिकोत होता, आणि अमेरिकेच्या जनगणनेत तो पहिल्यांदा आला तो १८५० साली.

त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही सापडली की आपल्याकडच्या माणसाला जसं भरून येतं, तसं भरून येण्याची जागा अमेरिकेतल्या अनेक घराण्यांना एका अनपेक्षित ठिकाणी सापडली आहे. ती वही असते फ्रीमेसन लॉजच्या चिटणिसाची.

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर गुप्त खुणा आणि बंद दारं येतात. दारं बंद असत हे खरं. विधी, खुणा, परवलीचे शब्द सभासदांपुरते असत. पण सभासद कोण आहे हे लपवलेलं नव्हतं. उलट १७१७ साली लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज स्थापन झाल्यापासून या संघटनेचा सारा कारभार नोंदींवर चालत आला. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र ग्रँड लॉज आहे. तिच्या हाताखालच्या प्रत्येक गावच्या लॉजने दर वर्षी आपलं पत्रक पाठवायचं: पदाधिकारी कोण, सभासद कोण, नवा कोण आला, दाखला घेऊन कोण गेला, कोण वारला, वर्गणी थकवल्यामुळे कोणाचं नाव स्थगित झालं, कोणाला काढून टाकलं. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच ग्रँड लॉजनी ही पत्रकं वार्षिक अहवालात नावानिशी छापली. जाडजूड, कंटाळवाणे अहवाल. भाषणं, ठराव, हिशेब, आणि शेवटी बारीक टायपात पानंच्या पानं नावं. ज्या गावाचं आज नकाशावर चिन्ह उरलेलं नाही, त्या गावातल्या वीस-पंचवीस माणसांची नावं तिथे ओळीने बसलेली असतात. मला या पानांचं फार अप्रूप वाटतं.

गावच्या लॉजचं मूळ इतिवृत्त हाती आलं तर याहून पुष्कळ कळतं. सभा कधी भरायची याची पद्धतच बघा. खेडोपाड्यांतल्या अनेक लॉजच्या नियमांत सभेची तारीख दिलेली नसे. ‘पौर्णिमेच्या दिवशी किंवा तिच्या आधीच्या शनिवारी’ असं लिहिलेलं असे. माणसं दहा-दहा मैलांवरून घोड्यावर यायची, सभा रात्री उशिरापर्यंत चालायची आणि परतताना वाटेवर चांदणं हवं. त्यामुळे इतिवृत्तातल्या तारखा महिन्यागणिक सरकत राहतात. या पद्धतीची माहिती नसलेल्याला त्या विस्कळित वाटतात, प्रत्यक्षात त्या चंद्राला धरून असतात. वर्षाचा आकडाही चकवतो. मेसन लोक जगाच्या उत्पत्तीपासून वर्षं मोजत आणि त्यासाठी चालू सनात चार हजार मिळवत. ५८३७ असं लिहिलेलं दिसलं तर ते १८३७.

पानाच्या सुरुवातीला त्या रात्री कोणत्या आसनावर कोण बसलं त्याची यादी: मास्टर, दोघे वॉर्डन, खजिनदार, चिटणीस, दोघे डीकन, आणि दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन उभा राहणारा टायलर. मग पाहुणे, त्यांच्या मूळ लॉजच्या नावासकट. हे पाहुणे महत्त्वाचे. प्रवासात असलेला माणूस एका रात्रीपुरता परगावच्या लॉजमध्ये येऊन बसतो आणि त्याची वाट कुठून कुठे चालली होती याचा एक बिंदू कायमचा नोंदला जातो. मग नव्या माणसाचा अर्ज. अर्जात बहुधा वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, कधी जन्मस्थळ, आणि शिफारस करणाऱ्या सभासदांच्या सह्या. तो अर्ज चौकशी समितीकडे जातो. पुढच्या सभेत मतदान होतं: लाकडी पेटी फिरते, होकार असेल त्याने पांढरी गोटी टाकायची, नकार असेल त्याने काळी. काळी गोटी निघाली की दार बंद. निवड झाली तर एंटर्ड अॅप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन अशा तीन पायऱ्या, प्रत्येकीची वेगळी तारीख. घराण्याच्या शोधात एका माणसाच्या एवढ्या तारखा एकत्र मिळणं हे मोठं भाग्य आहे. शिफारस करणाऱ्यांची नावंही सोडू नयेत. ते बहुधा शेजारी असतात, सासरे असतात, एकाच गाड्यांच्या काफिल्यातून आलेले सोबती असतात. आपल्या माणसाचं मूळ गाव सापडत नसेल तर त्यांचं शोधावं; पुष्कळदा ते एकच निघतं.

पण माझ्या मते या सगळ्या दप्तरातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे गाव सोडताना घेतलेला दाखला. इंग्रजीत त्याला डिमिट म्हणतात. सभासदाची वर्गणी चुकती आहे, त्याच्यावर कुठला आरोप नाही, तो राजीखुशीने जातो आहे, एवढा मजकूर, चिटणिसाची सही आणि लॉजचा शिक्का. नव्या मुलखात पोचल्यावर तो दाखवायचा, तोंडी परीक्षा द्यायची, मग तिथली लॉज त्याला सामावून घेणार. सरहद्दीवर माणूस आपलं नाव बदलू शकत होता, वय चोरू शकत होता, मागे सोडलेली बायको आणि कर्ज दोन्ही विसरू शकत होता. जमिनीच्या कचेरीत त्याच्या पूर्वायुष्याची कुणी विचारपूस करत नव्हतं. लॉजमध्ये मात्र आपण कुठून आलो ते कागदानिशी सांगावं लागे. त्यामुळे दोन गावांमधली तुटलेली साखळी जोडणारी कडी तिथेच सापडते.

ह्यूस्टनचीच साखळी बघा. १८१७ साली नॅशव्हिलच्या कंबरलँड लॉज क्रमांक ८ मध्ये त्याने तिन्ही पायऱ्या घेतल्या. दाखल्याची नोंद आहे १८३१ च्या जानेवारीतली, म्हणजे तो चेरोकींमध्ये राहत होता त्या काळातली. ज्या शहरातून तो मान खाली घालून निघाला होता, तिथल्या लॉजशी असलेलं नातं त्याने रीतसर मिटवलं. आणि १८३७ मध्ये तो टेक्ससमधल्या हॉलंड लॉजमध्ये दाखल झालेला दिसतो. तीन नोंदी आणि वीस वर्षं. ह्यूस्टनच्या बाबतीत या नोंदी चरित्राला पुरवणी आहेत. एखाद्या अनामिक सुताराच्या बाबतीत एवढ्याच नोंदी म्हणजे सगळं चरित्र.

किट कार्सनचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. डोंगरदऱ्यांतून बीव्हरची शिकार करणारा, वाटाड्या म्हणून गाजलेला हा माणूस जवळजवळ निरक्षर होता. सही तेवढी यायची. अशा माणसाच्या हातचे कागद कुठून मिळणार? पण १८५४ साली सांता फे इथल्या माँटेझुमा लॉजमध्ये तो मेसन झाला, पुढे ताओसला लॉज निघाली तिचा तो सभासद झाला, ती बंद पडल्यावर परत सांता फेला आला. स्वतः काही न लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेल्या वहीत तारखांसकट बसलेलं आहे.

माँटेझुमा लॉजची सनद मिसुरीच्या ग्रँड लॉजने दिली होती. हा मुद्दा शोध घेणाऱ्याने आधी पक्का करायला हवा, कारण ज्या राज्यात गाव आहे त्याच राज्यात कागद असतील असं नसतं. पश्चिमेकडे वस्ती सरकली तशा सनदाही सरकत गेल्या. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या लॉजला १७८८ मध्ये सनद मिळाली ती व्हर्जिनियाकडून. ल्युइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतला मेरीवेदर ल्युइस १८०८ साली सेंट लुइसच्या लॉजचा पहिला मास्टर झाला. तिची सनद पेन्सिल्व्हेनियाची. मिसुरीने पुढे ऑरेगन, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इथे सनदा पाठवल्या. कॅन्ससने कोलोराडो आणि माँटानात. नव्या मुलखाची स्वतःची ग्रँड लॉज झाली की क्रमांक बदलत. टेक्ससची हॉलंड लॉज आधी लुइझियानाची ३६ होती, मग टेक्ससची १ झाली. ऑरेगनची मल्टनोमा लॉज मिसुरीची ८४ होती, मग ऑरेगनची १. माँटानातली व्हर्जिनिया सिटी लॉज कॅन्ससची ४३ होती, तीही पुढे १. कुटुंबात जपलेल्या जुन्या कागदावर ‘क्रमांक ८४’ दिसला आणि शोध ऑरेगनच्या चौऱ्याऐंशी क्रमांकाच्या लॉजमध्ये चालू ठेवला, तर जन्मभर काही हाती लागायचं नाही.

या सनदांचे प्रवास ऐकण्यासारखे आहेत. १८४६ च्या ५ फेब्रुवारीला ऑरेगन सिटीत ‘ऑरेगन स्पेक्टेटर’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अमेरिकन वस्तीतलं ते पहिलं वर्तमानपत्र, आणि त्याच अंकात जाहीर निवेदन होतं की परिसरातल्या मेसन बंधूंनी २१ तारखेला एकत्र यावं, सनदेचा अर्ज करायचा आहे. अर्ज दोन हजार मैल मागे मिसुरीला गेला. ऑक्टोबरात सनद मंजूर झाली. पण पाठवायची कशी? टपाल नव्हतं, रेल्वे नव्हती. १८४८ च्या वसंतात ती एका काफिल्याबरोबर निघाली. सुरुवातीला नेणारे पी. बी. कॉर्नवॉल वाटेत कॅलिफोर्नियाकडे वळले, तेव्हा त्यांनी ती केलॉग नावाच्या बापलेकांच्या हवाली केली. कातडी पेटीत ठेवलेली, बैलगाडीतून आलेली ती सनद सप्टेंबरात ऑरेगन सिटीला पोचली. ११ सप्टेंबरला लॉज उघडली ती एका दुकानाच्या माडीवर. आसनं म्हणून पिंपं मांडली होती, आणि सभा रात्रभर चालली. सनद पोचली त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी आली आणि सभासदांतले कित्येक दक्षिणेला पळाले. म्हणजे ऑरेगनच्या यादीतून अचानक गायब झालेलं नाव कॅलिफोर्नियाच्या यादीत बघावं.

टेक्ससची गोष्ट यापेक्षा जोखमीची. तिथे वसाहत करणारा स्टीफन ऑस्टिन १८१५ साली मिसुरीतल्या सेंट जेनेव्हीव्हमध्ये मेसन झाला होता. १८२८ च्या फेब्रुवारीत सॅन फेलिपे इथे सात मेसन जमले, ऑस्टिन मास्टर निवडला गेला आणि मेक्सिकोच्या ग्रँड लॉजकडे अर्ज गेला. पण मेक्सिकोत त्या काळी लॉज म्हणजे राजकीय पक्षच झाले होते, यॉर्क पंथ एका बाजूला आणि स्कॉटिश पंथ दुसऱ्या बाजूला. ऑक्टोबरात सरकारने सरसकट बंदी घातली आणि अर्ज तिथेच विरला. पुढची हालचाल १८३५ च्या मार्चमध्ये, ब्रझोरिया गावाबाहेर एका ओक झाडाखाली. सहा माणसं. त्यांतला अॅन्सन जोन्स हा मॅसॅच्युसेट्सचा डॉक्टर, अपयश आणि कर्ज मागे टाकून दोन वर्षांपूर्वी आलेला. मेसन तो फिलाडेल्फियात असताना झाला होता. या वेळी अर्ज लुइझियानाला गेला. २७ डिसेंबरला, म्हणजे मेसन लोकांच्या सेंट जॉनच्या दिवशी, हॉलंड लॉज कचेरीच्या वरच्या मजल्यावर उघडली. जेम्स फॅनिन त्या रात्री सीनियर डीकनच्या जागी होता. तीनच महिन्यांनी गोलियाडला त्याला आणि त्याच्या शेकडो सैनिकांना कैदेत असताना गोळ्या घालण्यात आल्या.

टेक्ससचं मेक्सिकोशी युद्ध पेटलं. मेक्सिकन सैन्य ब्रझोरियात शिरलं आणि लॉजची वह्या-पुस्तकं, चिन्हं सगळी गेली. पक्की सनद मात्र तोपर्यंत गावात पोचलीच नव्हती. ती घेऊन येणाऱ्या माणसाने कूच करणाऱ्या फौजेत जोन्सला गाठलं आणि माळावरच ती त्याच्या हाती दिली. जोन्सने ती खोगिराच्या पिशवीत टाकली, आणि २१ एप्रिल १८३६ रोजी सॅन जसिंटोच्या लढाईत ती त्याच्याबरोबर होती. १८३७ मध्ये ह्यूस्टन शहरात लॉज पुन्हा सुरू झाली, त्याच वर्षी २० डिसेंबरला टेक्ससची ग्रँड लॉज स्थापन झाली, जोन्स तिचा पहिला ग्रँड मास्टर. टेक्सस प्रजासत्ताकाचा शेवटचा अध्यक्षही तोच. ब्रझोरियातला तो ओक अजून उभा आहे आणि हॉलंड लॉज ह्यूस्टनमध्ये अजून भरते. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी सॅन जसिंटोचा स्मारकस्तंभ दाखवायला पाहुण्यांना नेताना ही सनदेची हकीकतही सांगावी.

अशा ठिकाणी माणसं लॉजमध्ये का जमत होती, याचं सर्वांत खरं उत्तर मला माँटानातल्या बॅनॅक या सोन्याच्या खाणींच्या वस्तीत सापडतं. १८६२ चा नोव्हेंबर. वस्तीला काही महिनेच झालेले. न्यायालय नाही, चर्च नाही. विल्यम बेल नावाचा माणूस तापाने मरणाला टेकला आणि त्याने मेसन रीतीने पुरण्याची इच्छा सांगितली. वस्तीत लॉज नव्हती. नॅथॅनियल लँगफर्ड या गृहस्थांनी सांगावा धाडला की असतील त्या मेसननी संध्याकाळी अमुक झोपडीत यावं. थोडे जण येतील असं वाटलं होतं, झोपडी पुरेना. अंत्ययात्रेला ७६ मेसन होते. आजूबाजूला एवढे आहेत हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. आई-बाप हजारो मैलांवर असलेल्या माणसाला आपण मेलो तर खड्डा कोण खणेल, घरी कोण कळवेल, ही धास्ती रात्रंदिवस असणार. लॉज ते काम करत असे. आजाऱ्याजवळ रात्री बसायला सभासदांच्या पाळ्या लावत, पुरण्याचा खर्च करत, विधवेला पैसे देत. १८५० च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटोत पटकीची साथ आली तेव्हा मेसन आणि ऑडफेलो या दोन संघटनांनी केलेली शुश्रूषा तिथल्या इतिहासात नोंदलेली आहे. वंशशोधाच्या दृष्टीने यातून तयार होणारे कागद असे: दवाखान्याची बिलं, शवपेटीच्या पैशांची पावती, मूळ लॉजला गेलेलं पत्र, आणि काळी चौकट छापलेल्या पानावरचा दुखवट्याचा ठराव. तो ठराव बहुधा जवळच्या वर्तमानपत्रातही येई. थडग्यावर गुण्या आणि कंपास हे मेसनांचं चिन्ह कोरलेलं दिसलं की अशा कागदांच्या मागे लागायला हरकत नाही.

सगळीकडे असंच मिळेल असं मात्र धरून चालू नये. १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया गावचा विल्यम मॉर्गन मेसनांचे विधी छापून प्रसिद्ध करायला निघाला, त्याला पळवून नेण्यात आलं आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्यावरून असा आगडोंब उसळला की मेसनविरोधी पक्ष उभा राहिला, आणि १८३२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हर्माँट राज्यही जिंकून गेला. शेकडो लॉज बंद पडल्या. वह्या माळ्यावर गेल्या, कुठे चुलीत गेल्या. १८२६ ते १८४० दरम्यान ईशान्येकडून निघालेल्या माणसाच्या नोंदी मिळत नसतील तर त्याचं कारण इथे असू शकतं.

घरातल्या आख्यायिकाही तपासून घ्याव्या लागतात. टेक्ससच्या युद्धात अलामोत पडलेल्या विल्यम ट्रॅव्हिसचं मेसन असणं अलाबामातल्या क्लेबोर्नच्या लॉजच्या नोंदीवर उभं आहे. डेव्ही क्रॉकेटचं मात्र एका जपून ठेवलेल्या मेसनी एप्रनवर. त्याच्या लॉजची वही उरलेली नाही. एप्रन ही सुंदर वस्तू आहे, पण ती विकत मिळते, भेट मिळते, वारशाने येते. वहीतली ओळ तशी येत नाही. नावात नाव असलं तरीही घाई नको. एकाच जिल्ह्यात दोन विल्यम जॉन्सन सहज असतात. वय, धंदा आणि शिफारस करणारे जुळले, तरच आपला माणूस.

आता या वह्यांत कोण नाही, तेही बघायला हवं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या, त्यांत वय आणि लिंग आहे, नाव नाही. गोऱ्यांच्या लॉजच्या पानांवर तर ती माणसं मुळीच नाहीत. बॉस्टनमध्ये प्रिन्स हॉल आणि इतर चौदा मुक्त काळ्या पुरुषांना १७७५ साली ब्रिटिश फौजेतल्या एका लॉजने दीक्षा दिली. अमेरिकन लॉजनी त्यांना जवळ केलं नाही. १७८४ मध्ये त्यांनी लंडनहून स्वतःची सनद मिळवली. तिथून काळ्या मेसनांची वेगळी परंपरा सुरू झाली, तिच्या वेगळ्या ग्रँड लॉज, वेगळी दप्तरं. टेक्ससमधल्या त्यांच्या ग्रँड लॉजचा पहिला ग्रँड मास्टर, १८७५ साली, नॉरिस राइट क्युनी: आई गुलाम, बाप त्याच मळ्याचा गोरा मालक. ज्यांचे पूर्वज गुलामीतून सुटून पश्चिमेला गेले त्यांनी शोध या दप्तरांत घ्यायला हवा. गोऱ्या ग्रँड लॉजपैकी कनेटिकटने काळ्या मेसनांना पहिल्यांदा मान्यता दिली ती १९८९ मध्ये. हा आकडा वाचून मला संताप येतो. चेरोकींची लॉज तालेक्वा इथे १८४८ साली निघाली, आर्कान्सॉच्या सनदेवर. आणि बायका? त्या १८५० नंतर रूढ झालेल्या ‘ऑर्डर ऑफ द ईस्टर्न स्टार’ या संघटनेच्या इतिवृत्तांत भेटतात, मेसनांच्या पत्नी, मुली, विधवा म्हणून. तेही दप्तर मागावं. माहेरचं आडनाव तिथे सापडण्याची शक्यता असते.

आपल्याकडेही एक धागा आहे. मुंबईच्या लॉजमध्ये हिंदी माणसाला प्रवेश नव्हता तेव्हा माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांनी मुंबईत नकार मिळाल्यावर पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. १८४३ च्या डिसेंबरात डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली. हे जेम्स म्हणजे दोन वर्षांपूर्वी काबूलमध्ये मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे भाऊ. ती लॉज स्कॉटलंडच्या सनदेची होती, म्हणून तिच्या सभासदांचा माग एडिंबरोला लागतो. इंग्लंडच्या सनदेखालच्या भारतातल्या लॉजची नावं लंडनच्या नोंदवह्यांत आहेत, आणि १७५१ ते १९२१ पर्यंतच्या त्या नोंदवह्या आता संगणकावर पाहता येतात. कराची, क्वेट्टा, एडनपर्यंत पलटणीबरोबर किंवा रेल्वेबरोबर गेलेल्या मुंबई-पुण्याच्या कुणाचा शोध घ्यायचा असेल, तर फोर्टमधल्या १८९७ च्या फ्रीमेसन्स हॉलवरून जाताना हे ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत यासाठी त्या त्या राज्याच्या ग्रँड लॉजच्या चिटणिसाला पत्र लिहायचं असतं. टेक्ससचं दप्तर वेकोला आहे, आयोवाचं मोठं ग्रंथालय सीडर रॅपिड्सला. पत्रात पूर्ण नाव, जन्ममृत्यूची अंदाजे वर्षं आणि राहिलेली गावं एवढं हवं. उत्तरात बहुधा एक छोटं पत्रक येतं: दीक्षेच्या तारखा, दाखल्याची तारीख, मृत्यू किंवा स्थगिती. आई-वडिलांची नावं त्यात क्वचितच असतात. वर्गणी थकल्याची नोंद आली तर वाईट वाटून घेऊ नये. दुष्काळात, टोळधाडीत, बँका बुडाल्या त्या वर्षी अशा नोंदी ढिगाने होतात. त्या वर्षी त्या गावात काय झालं होतं ते त्यावरून शोधावं.

आणि नाव कोलोराडोच्या यादीत सापडलं, तर आणखी एक काम करावं लागतं. कोलोराडोची ग्रँड लॉज २ ऑगस्ट १८६१ रोजी गोल्डन इथे स्थापन झाली. तिचा पहिला ग्रँड मास्टर जॉन शिव्हिंग्टन, मेथडिस्ट धर्मोपदेशक. त्याच शिव्हिंग्टनने कर्नल म्हणून २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे सँड क्रीकवर शांततेच्या भरवशाने उतरलेल्या शायेन आणि अरापाहो छावणीवर हल्ला चढवला आणि दीडशेहून अधिक माणसं मारली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्याच्या फौजेत तिसरी कोलोराडो घोडदळ पलटण होती, शंभर दिवसांच्या बोलीवर भरती झालेली: खाणकामगार, दुकानदार, शेतकरी. लॉजच्या याद्यांत दिसतात तशीच माणसं. त्या पलटणीच्या हजेरीपटात नावं आहेत. १८६५ साली काँग्रेसच्या समितीने आणि लष्कराच्या चौकशी मंडळाने घेतलेल्या साक्षी छापलेल्या आहेत, प्रत्यक्ष पाहणाऱ्या सैनिकांनी शपथेवर दिलेल्या. शिव्हिंग्टनला शिक्षा झाली नाही. डेन्व्हरच्या किंवा गोल्डनच्या १८६४ च्या यादीत ज्याचा पणजोबा बंधू म्हणून नोंदलेला आहे, त्याने तो हजेरीपट आणि त्या साक्षी मागवून शेजारी ठेवाव्यात, आणि कुलवृत्तान्तात दोन्हीकडची नोंद उतरवावी.